दिवा लागला की पायडल जड का होतं? पर्यायी ऊर्जा आणि वीजनिर्मितीबद्दल थोडं मुळापासून

तांब्याची तार

माझ्या शाळेच्या सायकलला मागच्या चाकाशी बाटलीच्या आकाराचा डायनॅमो होता. दिवसा तो टायरपासून लांब असायचा. अंधार पडला की खटका दाबायचा, डायनॅमोची चकती टायरला टेकायची, घर्र आवाज सुरू व्हायचा, दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. हे जडपण चकती टायरला घासते त्याचं, असं मी धरून चाललो होतो. एका संध्याकाळी दिव्याची वायर तुटली. डायनॅमो टेकलेलाच, चकती फिरतेय, आवाजही तोच. तरी पायांना फरक कळला. घासण्याचा जोर लागत होता, पण त्याच्यावर जो जास्तीचा जोर लागायचा तो नाहीसा झाला होता.

त्या फरकावरच हा धागा आहे.

१८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवलं की तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवलं की तारेतून प्रवाह वाहतो. तीनच वर्षांनी हाइनरिक लेंझने त्याची दुसरी बाजू मांडली. हा प्रवाह स्वतःचं चुंबकत्व तयार करतो आणि ज्या हालचालीमुळे तो निर्माण झाला त्याच हालचालीला अडवतो. वायर तुटली की प्रवाह थांबतो आणि अडवणूकही थांबते. दिवा जोडला की अडवणूक सुरू, आणखी एक दिवा जोडला की ती वाढते. किती वीज ओढली जातेय हे जनरेटर फिरवणाऱ्याला त्याच क्षणी अंगावर कळतं.

पर्यायी ऊर्जेबद्दल वाचताना सूर्य, वारा, पाणी, भरती-ओहोटी, भूगर्भातली उष्णता, गोबरगॅस अशी यादी येते आणि प्रत्येकाची वीज काही वेगळीच असावी असं वाटायला लागतं. खरं तर यातले बहुतेक सगळे शेवटी त्याच तांब्याच्या वेटोळ्यापाशी येऊन पोचतात. म्हणून मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारतो. चाक ढकलतं कोण? आणि विजेची मागणी वाढली तर तो जास्त जोराने ढकलू शकतो का?

धरणाचं पाणी याला सगळ्यात चांगलं उत्तर देतं. पाणी मोठ्या पाइपातून खाली येतं, टर्बाइनची पाती फिरवतं, त्याच दांड्यावर जनरेटर असतो. खूप उंचावरून कमी पाणी येत असेल तर पेल्टन चाक, मध्यम उंचीला फ्रान्सिस टर्बाइन, कमी उंची आणि भरपूर पाणी असेल तर जहाजाच्या पंख्यासारखं दिसणारं कॅप्लान. लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढला की गव्हर्नर (यंत्राचा वेग सांभाळणारी यंत्रणा) झडपा थोड्या जास्त उघडतो आणि चाकाला जास्त पाणी मिळतं. पायडल जड झाल्यावर आपण पायावर जोर देतो, तसंच.

भूगर्भातल्या उष्णतेचंही चाक वाफेवर फिरतं. इटलीतल्या लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले होते आणि १९१३ मध्ये तिथे वीजकेंद्र उभं राहिलं. पाणी तेवढं गरम नसेल तर त्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देतात आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन चालवतात. सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या केंद्रातही आरसे ऊन एका जागी गोळा करतात, आणि पुढे पुन्हा वाफच. गोबरगॅस इंजिनात जळतो, इंजिन जनरेटर फिरवतं. वारा पाती फिरवतो.

सोलर पॅनेल मात्र या रांगेत बसत नाही. त्यात काहीच फिरत नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका थरात किंचित फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉन. जिथे हे थर भेटतात तिथे कायमचं विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशाचा कण आत येऊन इलेक्ट्रॉनला त्याच्या जागेवरून उठवतो आणि ते क्षेत्र त्याला एका बाजूला ढकलून देतं. बाहेरून वायर जोडली की तो वायरमधून फिरून परत येतो. एका सेलचा दाब जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणून ६० किंवा ७२ सेल एकामागे एक जोडून पॅनेल बनवतात. प्रकाशामुळे विद्युतदाब निर्माण होतो हे एडमंड बेकरेलला १८३९ मध्येच दिसलं होतं. कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल बेल लॅब्जमध्ये १९५४ साली झाला आणि तो पडलेल्या उन्हाच्या सुमारे ६ टक्के वीज द्यायचा. आजची बाजारातली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत.

तुमचे अनुभव, शंका, दुरुस्त्या सगळं लिहा.

कंदीलवाली

फार आवडलं. डायनॅमोचा अनुभव मलाही आहे, पण वायर तुटल्यावर काय होतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

माझी एक जुनी शंका. गच्चीवरच्या टाकीतून दिवसभर पाणी खाली येतं. त्या पाइपात छोटी टर्बाइन बसवली तर काही दिवे तरी चालतील ना? पाणी तसंही खाली येतंच आहे.

तांब्याची तार

ताई, चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर हिशेबानेच पटतं.

१००० लिटर पाणी, म्हणजे एक टन. ते १० मीटर खाली आलं तर त्यातली ऊर्जा साधारण ९८,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर युनिटचा सदतिसावा भाग येतो. ९ वॉटचा एक एलईडी दिवा त्यावर तीन तास चालेल, तोही टर्बाइन आणि जनरेटरने काहीच वाया घालवलं नाही तर. प्रत्यक्षात दोन तास मिळाले तरी पुष्कळ. शिवाय खाली नळाला येणारा जोर तेवढा कमी होईल. आणि मुळात ते पाणी पंपाने विजेवरच वर चढवलेलं असतं.

या आकड्यांकडे मी नेहमी उलट्या बाजूने बघतो. एक युनिट वीज हवी असेल तर १०० मीटर उंचीवरून पावणेचार टन पाणी सोडावं लागतं. घरी आपण एक युनिट किती सहज वापरतो! धरणं एवढी अवाढव्य का लागतात ते यावरून कळतं.

अबोली

मग माणसाच्या पायांनी किती होईल?

तांब्याची तार

धडधाकट माणूस न थांबता साधारण १०० वॉटच्या आसपास देऊ शकतो. म्हणजे एका युनिटसाठी दहा तास पायडल.

भोवरा

पवनचक्क्यांच्या देखभालीत माझी बारा वर्षं गेली, म्हणून वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. 'वारा पाती फिरवतो' एवढ्या एका वाक्यात धागाकर्त्यांनी आमचं काम संपवलंय.

वाऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे घनाचा नियम. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. तिप्पट वेगाला सत्तावीसपट. एक मीटर व्यासाची छोटी चक्की घ्या. सेकंदाला ४ मीटर वेगाच्या झुळकीत तिच्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत सगळी मिळून ३० वॉट शक्ती असते, त्यातली आठ-दहा वॉट हाती लागली तर नशीब. तोच वेग १२ मीटर झाला की हवेत ८०० वॉटच्या वर असतात. म्हणून 'इथे चांगला वारा असतो' या बोलण्याला आमच्या कामात किंमत नाही. वर्षभर मास्ट, म्हणजे वारा मोजणारा उंच खांब, उभारून वेग मोजायचा आणि मगच बोलायचं. गच्चीवर तर वारा भिंतींना आपटून घुसळलेला असतो. अशा वाऱ्यात चक्की एका दिशेला ठरत नाही, थरथरत राहते आणि बेअरिंग लवकर जातं. गच्चीवर छोटी चक्की लावून नंतर वैतागलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत.

वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि पुढची हवा आत येणार कशी? आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की कितीही उत्तम चक्की बनवली तरी ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही.

आता पाती. लोकांना ती संथ वाटतात. १२० मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला तेराच फेरे मारतो, पण पात्याचं टोक त्या वेळी ताशी २९० किलोमीटरच्या वर असतं. पाती वाऱ्याच्या धक्क्याने फिरत नाहीत. विमानाच्या पंखासारखा त्यांचा छेद असतो आणि विमानाला वर धरणाऱ्या उचलीसारख्या जोरावर (लिफ्ट) ती फिरतात. म्हणूनच तीन बारीक पाती पुरतात. १८८८ मध्ये चार्ल्स ब्रश याने क्लीव्हलंडमध्ये आपल्या घरासाठी वीज करणारी चक्की उभारली होती, तिला १४४ पाती होती. एवढं करून ती १२ किलोवॉटपर्यंतच जायची.

तांब्याची तार यांचा दुसरा प्रश्न, जास्त जोराने ढकलता येतं का? नाही. पण कमी जोराने घेता येतं. प्रत्येक पातं स्वतःभोवती वळतं. वारा जरुरीपेक्षा वाढला की पाती थोडी वळवून आम्ही तो सांडू देतो. सेकंदाला २५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, पाती पूर्ण वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करतात आणि चक्की थांबते. 'एवढ्या वादळात बंद कशाला ठेवली?' हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. वादळात तिला चालू ठेवणं म्हणजे तिला मोडायला उभं करणं आहे.

अजून एक आठवण. पहिल्यांदा ग्रिडची, म्हणजे वीजतारांच्या सामायिक जाळ्याची, वीज अचानक गेली तेव्हा मी टॉवरच्या पायथ्याशी होतो. वीज ओढणारं कोणी उरलं नाही, म्हणजे जनरेटरची अडवणूक संपली, आणि वारा तर तसाच वाहत होता. पाती वळेपर्यंतच्या काही सेकंदांत रोटरचा आवाज चढत गेला. तो आवाज अजून कानात आहे. तुमच्या तुटलेल्या वायरीचंच हे मोठं रूप. पाती वळवणारी, बॅटरीवर चालणारी पिच मोटर तेवढ्यासाठीच असते, ग्रिड गेलं तरी पाती वळलीच पाहिजेत.

कंदीलवाली

शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल खूप आभार.

सरळरेघ

धागाकर्त्यांना छोटी दुरुस्ती. काहीही न फिरवता वीज देणारं सोलर पॅनेल एकटं नाही. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळत नाहीत, पडद्याच्या दोन बाजूंना त्यांची रासायनिक क्रिया होते आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरीतून जातात. विल्यम ग्रोव्हने हे १८३९ मध्येच केलं होतं, चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत हेच सेल होते. दुसरं उदाहरण थर्मोकपलचं. दोन वेगळ्या धातूंचे जोड वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की विद्युतदाब तयार होतो. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर याच तऱ्हेने इतकी दशकं चालत आली आहेत.

मात्र हायड्रोजन खाणीतून तयार निघत नाही, तो बहुतेक करून बनवावा लागतो. त्यामुळे फ्युएल सेलला ऊर्जास्रोत म्हणण्यापेक्षा साठवणीचं साधन म्हणावं, असं माझं मत.

तांब्याची तार

दुरुस्ती मान्य. 'मोठ्या प्रमाणावर वीज देणाऱ्यांत' असं म्हणायला हवं होतं.

अबोली

मी व्हिडिओत पाहिलं, चाकाला कोनात चुंबकं लावतात आणि ते आपोआप फिरत राहतं, त्यावर दिवाही लावून दाखवतात. इंधनच लागत नाही. हे खोटं असतं का? माझा भाचा त्यासाठी सामान जमवतोय, त्याला काय सांगू?

तांब्याची तार

अबोली, भाच्याला नाही म्हणू नका, त्याला हातांनी करून बघू द्या. चुंबक चाकाला जेवढं आत ओढतं तेवढंच बाहेर पडताना मागे खेचतं. पूर्ण फेरा झाला की बेरीज शून्य, वर घर्षण वेगळं. आणि धाग्याच्या सुरुवातीची गोष्ट त्याला सांगा. समजा घर्षण अजिबात नसलेलं चाक त्याला सापडलं, तरी ज्या क्षणी तो त्यावर दिवा जोडेल त्या क्षणी अडवणूक सुरू होईल आणि चाक मंदावेल. दिवा लागतो तो कुणीतरी ढकलतंय म्हणून. व्हिडिओत ढकलणारा टेबलाखाली असतो, बॅटरी किंवा दुसरी मोटर.

खेळण्यातली छोटी डीसी मोटर त्याला द्या. दोन्ही वायरी सुट्या ठेवून दांडा बोटांनी फिरवू द्या. मग दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पुन्हा फिरवू द्या. हाताला जे लागेल ते कुठलाही व्हिडिओ शिकवणार नाही.

ऊनसावली

सोलरबद्दल माझा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल.

गच्चीवर दहा पॅनेल बसवून घेतली. सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे माळेसारखी एकामागे एक जोडलेली. सकाळी टाकीच्या पाइपाची सावली दोन पॅनेलवर पडायची, हाताच्या पंजाएवढी रुंद पट्टी. बसवणाऱ्याने सांगितलं, एवढीशी सावली आहे, काही होत नाही. मी मान्य केलं. नंतर इन्व्हर्टरवरचे (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणाऱ्या यंत्रावरचे) आकडे रोज वहीत लिहायला लागले तेव्हा दिसलं की सकाळी साडेनऊपर्यंत वीज सावलीच्या मानाने फारच कमी येतेय, आणि सावली सरकली की पंधरा मिनिटांत एकदम उडी.

कारण नंतर समजलं. माळेतल्या सगळ्या सेलमधून एकच प्रवाह जातो. एक सेल झाकला की तो प्रवाहाला वाट देत नाही, उलट बाकीच्यांनी तयार केलेली वीज त्याच्यावर येऊन तो तापतो. तसं होऊ नये म्हणून पॅनेलमागच्या डबीत बायपास डायोड असतात, बहुतेक पॅनेलना तीन. सावली पडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे जातो. पण तेव्हा पॅनेलचा तो तिसरा हिस्सा पूर्णच गेला. पंजाएवढी सावली दोन्ही पॅनेलचे एकेक हिस्से खात होती. आणि माळ सकाळी अगदीच दबली की इन्व्हर्टर कधी कधी चुकीच्या बिंदूवर, म्हणजे सगळ्यात जास्त वीज मिळत नाही अशा दाबावर, अडकून राहायचा.

शेवटी पाइप दुसरीकडून वळवला. सोपं काम होतं, आधी करायला हवं होतं. बसवण्याआधी एक पूर्ण दिवस, जमलं तर थंडीतला, दर तासाला गच्चीवर जाऊन सावल्यांचे फोटो काढा. थंडीत सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वीज येईल असं वाटतं. पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी देतं. ६५ अंशांना तापलेलं पॅनेल म्हणजे १२ ते १६ टक्के गेलेच. माझ्या वहीत सगळ्यात चांगले दिवस थंड हवेचे आणि स्वच्छ उन्हाचे आहेत.

कंदीलवाली

वहीची कल्पना फार छान. एक विचारायचं होतं, वीज गेली की सोलरवर घर चालतं ना? एका ओळखीच्यांकडे भर दुपारी वीज गेली आणि गच्चीवर पॅनेल असूनही घरात पंखा बंद.

निळा दिवा

याचं उत्तर देतो, कारण लोडवर नजर ठेवण्याच्या खोलीत बसणं हे माझं रोजचं काम होतं.

ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की मुद्दाम बंद होतो. लाइनवर काम करणारा माणूस लाइन मेली आहे असं समजून तारेला हात लावतो. त्या वेळी एखाद्या गच्चीवरून वीज मागे तारेत येत राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून तो नियम आहे आणि तो असायलाच हवा. घर चालू हवं असेल तर बॅटरी आणि ग्रिडपासून स्वतःला तोडून घेणारा इन्व्हर्टर लागतो.

आता तांब्याची तार यांच्या जड पायडलबद्दल. आमच्या खोलीत भिंतीवर एक मोठा आकडा असायचा, ५०.०० हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते तो आकडा. काही देशांत तो ६० असतो. हा आकडा म्हणजे संपूर्ण ग्रिडचं पायडल. शेकडो जनरेटर एका तालात फिरतात, जणू एकाच अदृश्य साखळीला जोडलेले. चुंबकाच्या दोन ध्रुवांचं वाफेचं यंत्र मिनिटाला ३००० फेरे मारतं, चाळीस ध्रुवांचं पाण्याचं यंत्र १५०, पण ताल एकच. लाखो घरांत एकदम दिवे लागले की सगळी यंत्रं एकदम जड होतात, किंचित मंदावतात आणि आकडा ४९.९ कडे सरकतो. लोड कमी झाला की वर चढतो. लाखो लोकांची बटणं त्या एका आकड्यात दिसतात. पहिल्या दिवशी वरिष्ठांनी मला तो दाखवला तेव्हा मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

ती अवजड फिरती यंत्रं आणखी एक काम करतात. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर पहिले काही सेकंद बाकीच्यांच्या दांड्यांतली साठलेली गती ग्रिड सावरते. तेवढ्यात गव्हर्नर जागे होतात आणि पाणी, वाफ वाढवतात. सोलरच्या वाट्याला असं फिरणारं वजन नाही. इन्व्हर्टर नुसता आहे त्या तालाच्या मागे जातो. सोलर जसजसं वाढतं तसतसा आकडा जास्त चटकन हलायला लागतो. हल्ली ताल धरून ठेवणारे इन्व्हर्टरही आले आहेत, आणि वीज न करता नुसतं गतीसाठी फिरत राहणारी यंत्रंही ठेवतात.

सरळरेघ

म्हणजे सूर्य आणि वारा बिनभरवशाचे, असंच झालं ना शेवटी? रात्री सूर्य नाही, वारा पडला की तोही नाही.

निळा दिवा

मी तसं म्हणणार नाही. सूर्य किती वाजता मावळणार हे मला वर्षभर आधी माहीत असतं. संध्याकाळी सोलर उतरणार आणि त्याच वेळी घराघरांत दिवे लागणार, हा उतार रोजचा आहे, त्याची तयारी करता येते. मला धास्ती असायची ती न सांगता बंद पडणाऱ्या मोठ्या यंत्राची, आणि ते कोणत्याही इंधनाचं असू शकतं.

साठवण मात्र लागतेच. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी साठवण पाण्याचीच आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, कमी पडली की सोडायचं. शंभर युनिट घातली तर सत्तर-ऐंशी परत मिळतात. वेल्समधलं दिनॉर्विग १९८४ पासून चालू आहे. तिथली यंत्रं पाण्याविना, हवेत मोकळी फिरत ठेवलेली असली तर हजार मेगावॉटच्या वर जायला त्यांना वीस सेकंदही लागत नाहीत. स्पेनमध्ये हेमासोलार केंद्र २०११ मध्ये सुरू झालं. तिथे आरशांनी वितळलेलं मीठ ५६५ अंशांपर्यंत तापवतात आणि ते गरम मीठ टाकीत भरून ठेवतात. हे मीठ म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमची नायट्रेट. सूर्य मावळल्यावर त्या उष्णतेवर पंधरा तास टर्बाइन चालू शकते, म्हणजे पुढच्या सूर्योदयापर्यंत. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये १०० मेगावॉटची लिथियम बॅटरी बसवली. दिनॉर्विगला जे सेकंदांत जमतं ते बॅटरीला सेकंदाच्या अंशात जमतं. फक्त ती फार वेळ पुरत नाही.

भोवरा

भरती-ओहोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही. चंद्राचं वेळापत्रक तर शंभर वर्षांचं आधी काढता येतं. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॉटचं केंद्र आहे. भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं.

सरळरेघ

भरवसा आहे, पण जागा कुठे आहेत? खूप उंच भरती आणि बांध घालता येईल असं मुख, दोन्ही एका ठिकाणी हवं. बांधाच्या आतल्या गाळाचं आणि माशांचं काय होतं हेही बघावं लागतं. म्हणून तर रान्सनंतर त्याच्यापेक्षा मोठं केंद्र व्हायला २०११ उजाडलं, कोरियातलं सिहवा, २५४ मेगावॉट.

तांब्याची तार

भूगर्भातल्या उष्णतेलाही लोक न संपणारी म्हणतात, तिथेही सावध राहायला हवं. कॅलिफोर्नियात द गीझर्स या जागी १९६० पासून वाफेवर वीज होते. वाफ भराभर उपसली आणि दाब उतरत गेला. खडक गरमच होता, त्यातलं पाणी संपत होतं. मग जवळच्या गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाइपाने आणून जमिनीत सोडायला सुरुवात केली, तेव्हा घसरण आवरली. गावाने टाकून दिलेलं पाणी खडकात जाऊन वाफ होऊन परत येतं, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

पाणवठा

गोबरगॅसवर जनरेटर चालवतो, दोन ओळी. एक घनमीटर गॅसला अंदाजे दोन युनिट पडतात. गॅस इंजिनाला देण्याआधी लोखंडाच्या गंजलेल्या किसातून जाऊ द्या. त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर इंजिन आतून खातो, माझं पहिलं इंजिन तसंच गेलं. इंजिन थंड करणारं गरम पाणी वाया घालवू नका, तेच डायजेस्टरला, म्हणजे शेण कुजवण्याच्या टाकीला, फिरवा. मग गारठ्यात गॅस कमी पडत नाही.

अबोली

भाच्याने मोटरचा प्रयोग केला! वायरी सुट्या असताना दांडा बोटात भिरभिरत होता, जोडल्यावर 'मावशी, हा चिकटला' म्हणाला. मग त्याने वायरींना एलईडी जोडला. एका बाजूला फिरवलं की लागतो, उलट फिरवलं की लागत नाही, यावर तो तासभर अडून बसला होता. चुंबकाच्या चाकाचं सामान अजून तसंच पडलंय.

आता त्याचा प्रश्न, आणि मला उत्तर येत नाही. सोलर पॅनेलला दिवा जोडला तर तिथे जड काय होतं? सूर्याला तर काही कळत नसेल.

तांब्याची तार

भाच्याला माझा नमस्कार सांगा. मी या विषयावर एवढं लिहिलं आणि हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

दोन दिवस विचार केला. ऊन येतच राहतं, ते अडवता येत नाही. वायर जोडलेली नसेल तर उठलेले इलेक्ट्रॉन बाहेर जाऊ शकत नाहीत, ते पुन्हा खाली बसतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन पॅनेलमध्येच राहते. वायर जोडली की तीच ऊर्जा दिव्याकडे जाते. म्हणजे वीज देणारं पॅनेल रिकाम्या पॅनेलपेक्षा थोडं थंड असायला हवं. कुणाकडे दोन सारखी पॅनेल आहेत का?

ऊनसावली

आहेत. आज सकाळी करून पाहिलं.

दोन सारखी छोटी पॅनेल शेजारी शेजारी, एकाच उतारावर, खाली दोन्हींना सारखी मोकळी हवा. एकाला बारा व्होल्टचा दिवा जोडला, दुसऱ्याच्या वायरी सुट्या. दिवा पॅनेलपासून लांब, सावलीत. अर्ध्या तासाने मागच्या बाजूला तापमान मोजलं. दिव्याचं पॅनेल ५१ अंश, रिकामं ५५.

वारा एका बाजूने जास्त लागत असेल म्हणून वायरी अदलाबदल केल्या, पॅनेल जागेवरून हलवली नाहीत. पुन्हा अर्धा तास थांबले. आता पहिलं ५६ आणि दुसरं ५२.